पुरतं आधण

माझ्या पहिल्या चारही बिअर अर्ध्या आधणाच्या होत्या. मिलवॉकीतलं भाड्याचं घर, स्वयंपाकघरातली शेगडी आणि तिच्यावर मावेल असं बारा लिटरचं भांडं. त्यात दहा लिटर दाट गोड काढा तासभर उकळायचा, गार करायचा आणि आंबवायच्या बादलीत वरून साधं पाणी ओतून एकोणीस लिटर करायचा. असं केलं तरी बिअर होते, आणि घरी बिअर करणारे बहुतेक जण सुरुवात अशीच करतात. चौथ्या खेपेला बादलीत पाणी ओतताना मला भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या घरचं लग्न आठवलं. अंगणात विटांच्या चुलीवर भाताचा गंज चढला होता. आचाऱ्याने पाणी एकदाच मोजून घातलं आणि तांदूळ पडल्यावर कुणाला वरून तांब्याभरही घालू दिलं नाही. नंतरचं पाणी भाताला लागत नाही, भाताच्या बाजूला राहतं, असं तो म्हणाला होता. मी बादलीत ओतत होतो ते हेच बाजूचं पाणी.

पुढची बिअर पुरत्या आधणाची करायची, म्हणजे सगळाच्या सगळा काढा एकाच भांड्यात, एकाच वेळी उकळायचा, असं मी तेव्हा ठरवलं. त्यासाठी काय काय लागतं आणि का लागतं, ते इथे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं मी अमेरिकेत करतो. घरच्या वापरासाठी बिअर करायला इथे १९७८ च्या कायद्याने करमाफी मिळाली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली आणि १९७९ च्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर, करता येते. विकता येत नाही. ब्रिटनमध्ये ही मोकळीक १९६३ पासून आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे तुमसरच्या घरी हे करू नका. पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर राज्यात परवानाधारक छोट्या ब्रुअरी बऱ्याच झाल्या. तिथे काचेपलीकडे हीच भांडी मोठ्या आकारात पाहायला मिळतात.

दुसरी गोष्टही सांगायला हवी. आमच्या भागात भट्टी म्हटलं की लोकांना मोहाची भट्टी आठवते. ते काम अगदी वेगळं आहे. मोहाच्या भट्टीत आधी आंबवतात, मग उकळतात, आणि वाफ धरून थंड करतात, कारण दारू त्या वाफेत असते. बिअरमध्ये उकळणं आधी आणि आंबवणं नंतर. भांड्यात उकळत असतं ते नुसतं माल्टचं गोड पाणी, त्यात अल्कोहोलचा थेंबही नसतो. आणि इथे वाफ धरायची नसते, ती जाऊ द्यायची असते.

जवाला मोड आणून सुकवला की माल्ट होतो. तो भरडून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की दाण्यातल्या पिठुळाची साखर होते. हे पाणी गाळून घेतलं की काढा तयार. काढा उकळताना चार-पाच कामं एकदमच होतात. जंतू मरतात. हॉप्सची फुलं किंवा गोळ्या टाकतो, त्यांतली कडू आम्लं खळाळत्या उकळीतच रूप बदलून पाण्यात उतरतात. काढ्यातली प्रथिनं दूध नासल्यासारखी फुटून तळाला बसतात, त्यामुळे बिअर नितळ होते. आणि माल्टमधून तयार होणारं एक गंधकयुक्त द्रव्य वाफेबरोबर उडून जातं. ते राहिलं तर बिअरला उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास येतो. म्हणून उकळी चालू असताना झाकण ठेवायचं नाही. आधण लवकर यावं म्हणून आधी अर्धं ठेवलं तर चालेल, पण उकळी फुटली की काढायचं.

अर्ध्या आधणात हे सगळं होतं, पण काढा दुप्पट दाट असल्याने कडूपणा कमी उतरतो आणि बासुंदीचं दूध आटताना बदामी होतं तसा काढ्याचा रंग गडद होत जातो. फिकट, सोनेरी बिअर मला कधी साधली नाही ती त्यामुळेच. शिवाय बाजारातला तयार माल्टचा पाक सोडून खऱ्या दाण्यापासून सुरुवात करायची, तर दाणे धुऊन काढाच मुळी पंचवीस-सव्वीस लिटर निघतो. तो अर्धा कुठे ठेवणार?

किती काढा उकळायला घ्यायचा, हा हिशेब शेवटाकडून मागे करायचा. बादलीत हवेत १९ लिटर. भांड्याच्या तळाशी गाळ राहतो आणि हॉप्स काढा पिऊन घेतात, त्यासाठी दोन लिटर धरा, झाले २१. उकळतं पाणी गार पाण्यापेक्षा साधारण चार टक्के जास्त जागा घेतं, म्हणजे गरम असताना ते २२ भरायला हवेत. तासाभरात चार लिटर वाफ होऊन जाणार. म्हणजे सुरुवात २६ लिटरने. त्यावर फेसाला जागा हवी, आणि ती भरपूर हवी. तीस लिटरचं भांडं घेतलं तर पहिल्याच दिवशी पस्तावाल. चाळीस लिटरचं घ्या.

माझं भांडं आतून ३५ सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर उंच आहे. या मापाच्या भांड्यात एक सेंटिमीटर उंची म्हणजे जवळजवळ एक लिटर, थोडासाच कमी. म्हणून मी एका लांब लाकडी सराट्याच्या दांड्यावर सुरीने खाचा पाडल्या. भांड्यात मापाने दोन-दोन लिटर पाणी ओतत गेलो आणि पाणी जिथे लागलं तिथे खाच केली. सव्वीसच्या खाचेला लाल दोरा बांधला. उकळी चालू असताना वाफेत डोळे मिटून सराटा बुडवला तरी बोटाला दोरा लागतो आणि कळतं. भांड्यावर छापलेल्या रेघांपेक्षा माझा या सराट्यावर जास्त भरवसा आहे.

चार लिटर वाफेचा आकडा माझ्या भांड्याचा आहे, तुमचा वेगळा असेल. भांडं रुंद तितकी वाफ जास्त. वारा, कोरडी हवा, जाळ, सगळ्याचा परिणाम होतो. म्हणून माल्ट आणायच्या आधी एकदा नुसतं साधं पाणी तासभर उकळून किती उतरतं ते मोजा. त्यात गॅस वाया जात नाही. त्या तासात नळ गळतो का, बर्नर डळमळतो का, काढा कुठे ठेवायचा आणि आपण कुठे उभं राहायचं, हे सगळं समजतं.

आता जाळ. माझी चूक इथे झाली, आणि बहुतेकांची इथेच होते. आपण आधी भांडं विकत घेतो. चकचकीत मोठं भांडं दुकानात दिसतं, जाळ दिसत नाही. मी चाळीस लिटरचं भांडं आणलं, स्वयंपाकघरातल्या दोन बर्नरवर आडवं ठेवलं, सव्वीस लिटर काढा भरला. दीड तासाने कडेला नुसती थरथर होती, मधे एखादा बुडबुडा. ते आधण कधी आलंच नाही.

का आलं नाही, हे साध्या गणिताने कळतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. काढा दाण्यातून निघतो तेव्हा ६५ अंशांच्या आसपास असतो. तिथून शंभरपर्यंत ३५ अंश. सव्वीस लिटरला एकूण ३,८०० किलोज्यूल झाले. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर तीन किलोवॉटच्या आसपास असतो, पण त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याच्या कडेने वर निघून जाते. काढ्यात पोचते ती सव्वा किलोवॉट धरा. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तरी पन्नास मिनिटं, आणि वाया तर जातंच. भांडं जितकं तापतं तितकी उष्णता ते बाहेर फेकतं.

खरी अडचण त्याच्या पुढे आहे. शंभर अंशांचं पाणी शंभर अंशांचीच वाफ करायला लिटरमागे २,२५७ किलोज्यूल लागतात. गार पाणी आधणाला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सहापट. तासाला चार लिटर उडवायचे म्हणजे नऊ हजार किलोज्यूल, म्हणजे सतत अडीच किलोवॉट काढ्यात पोचायला हवेत. शेगडी देते सव्वा. दुसरा बर्नर जोडला तरी भांड्याची कड त्याच्या कोपऱ्यावर कशीबशी येते. म्हणून उष्णता पुरत नाही आणि काढा नुसता कढत बसतो.

बाहेर वापरायचा प्रोपेनचा बर्नर घेतला तेव्हा हा प्रश्न संपला. अमेरिकेत तो मोठी टर्की तळायला किंवा मासे उकडायला वापरतात. आपल्याकडे लग्नाच्या आचाऱ्याकडे तीन पायांची लोखंडी गॅसभट्टी असते, ती त्याचीच बहीण. माझा बर्नर ५५ हजार बीटीयूचा, म्हणजे सोळा किलोवॉटचा. त्यातले दहा वाया गेले तरी सहा काढ्यात उतरतात. ६५ अंशांवरून आधण यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, आणि मग जाळ निम्म्यावर आणला तरी खळाळ टिकतो. पूर्ण जाळाला तासाला सव्वा किलोच्या आसपास गॅस लागतो. नऊ किलोच्या सिलिंडरवर पाच-सहा वेळा बिअर होते. एक भरलेला सिलिंडर नेहमी जवळ ठेवावा, कारण गॅस संपतो तो नेमका उकळीच्या मध्यावर.

हा बर्नर उघड्यावरच लावायचा. मिलवॉकीच्या हिवाळ्यात बाहेर उणे दहा असतं आणि गॅरेजचं दार अर्धं उघडून आत लावावासा फार वाटतो. लावू नका. एवढ्या मोठ्या जाळातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. जमीन सपाट आणि न जळणारी हवी, म्हणजे फरशी किंवा खडी. लाकडी ओट्यावर नको. सिलिंडर नळी पुरेल तितका लांब. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते दर वेळी बघायचं. जाळ निळा हवा. पिवळा झाला की भांड्याच्या बुडाला काजळी धरते; बर्नरच्या मागची हवेची चकती थोडी उघडली की तो निळा होतो.

विजेवरही हे काम होतं, आणि ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी तेच बरं. काढ्यात बुडालेल्या हीटरची जवळजवळ सगळी उष्णता काढ्यातच जाते, म्हणून सोळाऐवजी साडेपाच किलोवॉट पुरतात. पण त्याला २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच लागतो. पाण्याजवळची ही वायरिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायची.

भांडं कशाचं घ्यायचं? माझं ३०४ नंबरच्या स्टीलचं आहे: अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल. बाजारात स्वस्तातली बरीच भांडी दोनशेच्या मालिकेतली असतात. त्यांत महाग निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीज घातलेलं असतं. २०१ मध्ये साडेपाच ते साडेसात टक्के, २०२ मध्ये त्याहून जास्त. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघतं, आणि लहानपणी आम्ही त्या काळ्या दगडांनी भरलेले ट्रक मोजायचो. तो दगड भांड्यात जातो हे मला बिअरमुळे कळलं. दोनशेच्या मालिकेचं भांडं निरुपयोगी नाही, पण जिथे भोक पाडतो किंवा जोड असतो तिथे ते लवकर गंजतं. लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही, दोन्हींना तो बहुधा चिकटत नाही. छापलेला नंबर बघा, आणि स्टील कुठलंही असो, ब्लीचने धुऊ नका. बूड जाड घ्या. पातळ बुडाला साखर लागते आणि सगळ्या बिअरला करपल्याचा वास येतो.

ॲल्युमिनियमही चालतं. ते स्वस्त असतं आणि लवकर तापतं. पहिल्यांदा त्यात नुसतं पाणी तासभर उकळून आतून राखाडी थर येऊ द्यायचा आणि तो घासून काढायचा नाही. पितळ मात्र नको. मी भंडारा जिल्ह्यातला, पितळेच्या भांड्यांचा अभिमान बाळगून वाढलेला, म्हणून हे सांगताना जिवावर येतं. पण कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेचं सार ठेवत नाहीत, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. माल्टचा काढाही आंबटाकडे झुकणारा असतो आणि तासभर उकळत असतो.

भरलेल्या भांड्याचं वजन तीसेक किलो होतं. ते गरम असताना उचलायचं नाही, दोघांनी मिळूनही नाही. साखरेचा उकळता काढा अंगाला चिकटतो आणि पाण्यापेक्षा खोल भाजतो. म्हणून बुडाजवळ नळ हवा. नसेल तर पायरीच्या ड्रिलने भोक पाडून सिलिकॉनच्या रिंगसह बसवता येतो, वेल्डिंगची गरज नसते. नळ तीन तुकड्यांत सुटणारा घ्या, कारण आतल्या गोळ्यामागे साखर साचते आणि तिथे जंतू घर करतात. आतल्या बाजूला जाळीची नळी लावली की हॉप्सचा चोथा अडकून नळ तुंबत नाही. पायांत बंद बूट, हातांत लांब मोजे.

उतू जाणं दुधासारखंच असतं, फक्त सव्वीस लिटरचं. आधण येतानाच्या पाच-दहा मिनिटांत प्रथिनांचा तपकिरी फेस एकदम वर चढतो. पहिल्या पुरत्या आधणाच्या दिवशी मी हॉप्सचं पाकीट आणायला आत गेलो. परत आलो तो फेस भांड्यावरून खाली आला होता, बर्नर विझला होता आणि गॅस चालूच होता. नळीतून येणारा फसफस आवाज ऐकू आला म्हणून वेळेत बंद केला. तेव्हापासून हॉप्स मोजून वाट्यांत, वेळेच्या क्रमाने, भांड्याजवळ मांडून ठेवतो आणि हातात गार पाण्याची फवाऱ्याची बाटली असते. फेस चढला की दोन फवारे मारायचे, जाळ कमी करायचा, सराट्याने ढवळायचं. हॉप्स टाकल्याबरोबर तो पुन्हा चढतो. एकदा प्रथिनं फुटली की फेस आपोआप बसतो, आणि तिथून तासभर मोजायचा. अगदी फिकट माल्ट असेल तर दीड तास.

जाळ बंद केल्यावर घाई असते ती गार करायची. दहा लिटर काढ्याचं भांडं बर्फाच्या पाण्यात बसवून गार करता येत होतं, सव्वीस लिटरला ते जमत नाही. सत्तर अंशांखाली आलेला गोड काढा जंतूंना आवडतो, आणि गरम राहील तोवर तो मक्याचा वासही नव्याने तयार होत राहतो, पण उडून जात नाही. उपाय म्हणजे तांब्याच्या नळीची गुंडाळी. पंधरा मीटर लांब, साडेनऊ मिलिमीटर जाड. उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत ती काढ्यात बुडवून ठेवायची, म्हणजे निर्जंतुक होते. मग एका टोकाला बागेचा नळ जोडायचा, दुसऱ्या टोकातून पाणी बाहेर. सुरुवातीचं पाणी कढत निघतं, ते बादलीत धरून भांडी धुवायला ठेवावं. नुसती गुंडाळी बुडवून बसू नका. काढा सराट्याने हळूहळू फिरवत राहिलं की वेळ निम्मा होतो, कारण नळीला लागलेला गार थर हलतो आणि गरम काढा नळीपाशी येतो.

नळाच्या पाण्यापेक्षा गार काहीच करता येत नाही, ही या गुंडाळीची मर्यादा. मिलवॉकीत हिवाळ्यात नळाचं पाणी इतकं थंड येतं की वीस मिनिटांत काढा वीस अंशांवर उतरतो. जुलैत तो पंचविसाच्या आसपास अडतो. मे महिन्यात तुमसरच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आठवा. त्याने काढा चाळीसच्या खाली येणारच नाही, बर्फाच्या बादलीतलं पाणी पंपाने फिरवावं लागेल. ऑस्ट्रेलियात पाण्याच्या टंचाईमुळे लोकांनी वेगळीच वाट काढली. कढता काढा थेट जाड प्लास्टिकच्या डब्यात काठोकाठ भरतात, बूच घट्ट लावून डबा आडवा करून सगळ्या बाजूंना गरम काढा लावतात आणि रात्रभर आपोआप गार होऊ देतात. हॉप्स जास्त वेळ गरम राहतात म्हणून कडूपणा वाढतो, तेवढं धरून हॉप्स उशिरा घालावे लागतात. बाकी पद्धत चांगली आहे.

काढा वीस अंशांवर आला की गुंडाळी काढायची, झाकण ठेवून वीस मिनिटं गाळ बसू द्यायचा आणि मग नळ उघडायचा. पहिला वाटीभर गढूळ काढा टाकून द्यायचा. पुढची धार नितळ सोनेरी येते. ती बादलीत थोड्या उंचीवरून पडू द्यायची, कारण यीस्टला सुरुवातीला हवा लागते. बादलीच्या एकोणिसाच्या रेघेला काढा टेकला की नळ बंद. वरून ओतायला पाणी नाही. यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं.

गुंडाळी लगेच धुवायची, हॉप्स वाळले की वेटोळ्यांत घट्ट बसतात. आणि थंडीच्या देशात असाल तर टांगून ठेवण्याआधी एका टोकाला तोंड लावून आतलं सगळं पाणी फुंकून काढायचं. माझी पहिली गुंडाळी जानेवारीत गॅरेजच्या खिळ्यावर तशीच टांगली होती. आतलं पाणी गोठून फुगलं आणि तिसऱ्या वेटोळ्याला बोटभर चीर गेली. ती मला पुढच्या खेपेला दिसली, गुंडाळी काढ्यात बुडवून बागेचा नळ उघडल्यावर.